धूळ अडवणारी हिरवाई कशी आखावी: मराठवाड्यातील शहरांसाठी

मराठवाड्यातील शहरांची हवा वर्षात दोन वेळा बिघडते आणि दोन्ही वेळची कारणे वेगळी असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची थंड हवा वर चढत नाही आणि वाहनांचा, बॉयलरचा, शेकोट्यांचा व जाळलेल्या कचऱ्याचा धूर तिच्यातच कोंडून राहतो. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत हवा चांगली खेळती असते, पण उघडी काळी जमीन, मुरमाच्या साइडपट्ट्या, खोदून ठेवलेले रस्ते आणि बांधकामे यांवरून फुफाटा उठतो. हिरवाईची आखणी करण्यापूर्वी ही दोन दुखणी वेगळी ओळखावीत, कारण झाडे आणि झाकलेली जमीन धुळीवर बऱ्यापैकी काम करतात, धुरावर मात्र फार थोडे.

केंद्र सरकारने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या मानकांत न बसणारी म्हणून महाराष्ट्रातील जी शहरे त्यात घेतली गेली, त्यांत छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तीन मराठवाड्यातील आहेत. भारतीय मानकानुसार 10 मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅमच्या आत, आणि 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या अतिसूक्ष्म कणांची 40 च्या आत असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेल्या मर्यादा याहून पुष्कळ कडक, म्हणजे अनुक्रमे 15 आणि 5 आहेत. अशा शहरांत वृक्षारोपणासाठी पैसा येतो, खड्डे खणले जातात, फोटोही निघतात. झाड नेमके कुठे आणि कशासाठी लावले, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारत नाही. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने वसाहतीच्या खुल्या जागेसाठी, शाळेच्या आवारासाठी आणि प्रभागातील रस्त्यांसाठी आहे.

झाड हवेतले काय घेते

धूलिकण पानावर आदळतात आणि तिथे टिकतात, एवढाच या क्रियेचा गाभा आहे. पान खडबडीत, लवदार किंवा चिकट असेल तर कण जास्त टिकतात. गुळगुळीत आणि मेणचट असेल तर थोड्याशा झुळकीने सुटतात. मोठे कण लवकर अडकतात. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असलेले अतिसूक्ष्म कण मात्र हवेबरोबर पानाला वळसा घालून निघून जातात, म्हणून त्यांच्याबाबतीत झाडांचा उपयोग कमी. नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन यांसारखे वायू पानांच्या रंध्रांतून थोड्या प्रमाणात आत घेतले जातात, परंतु उन्हाळ्यात पाण्याच्या ताणामुळे झाड रंध्रे मिटून घेते तेव्हा ही क्रियाही मंदावते.

अपेक्षा किती ठेवाव्यात, याचा अंदाज अमेरिकेतील अभ्यासांवरून येतो. तेथील शहरांतील सगळी झाडे मिळून वर्षाला सुमारे 7 लाख टन प्रदूषके हवेतून काढतात, असा हिशेब 2006 मध्ये मांडला गेला. आकडा मोठा वाटतो, पण त्याच हिशेबानुसार शहराच्या एकूण हवेत होणारी सुधारणा बहुतेक वेळा 1 टक्क्याहूनही कमी होती. याचा अर्थ शहरभराची हवा झाडांच्या भरवशावर सोडता येत नाही; बॉयलरची चिमणी, डिझेलची वाहने आणि पेटता कचरा यांचा बंदोबस्त वेगळाच करावा लागतो. याउलट रस्त्याकडेची शाळा, बसथांबा किंवा वीटभट्टीच्या बाजूची वसाहत अशा ठरावीक ठिकाणी योग्य आखणीचा परिणाम जाणवण्याइतका असतो. आपली ताकद अशाच ठिकाणी लावावी.

शिकागो शहरातील अशाच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली: 77 सेंटिमीटरहून जास्त व्यासाच्या खोडाचे निरोगी झाड 8 सेंटिमीटरहून बारीक रोपट्याच्या तुलनेत वर्षाला सुमारे 60 ते 70 पट जास्त प्रदूषके काढते. निजामकाळापासून उभे असलेले वड रस्तारुंदीकरणात तोडून त्यांच्या बदल्यात रोपे लावण्याचा व्यवहार किती तोट्याचा आहे, हे यावरून समजावे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे आणि 2021 च्या सुधारणेने 50 वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. म्हणून आराखड्याचे पहिले काम नवे काही लावण्याचे नाही. आहेत ती मोठी झाडे नकाशावर नोंदवावीत, त्यांच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट काढावे आणि निदान 1 मीटरची माती मोकळी ठेवावी. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांबाबत हेच बजावले होते.

आधी जमीन झाकावी

आमच्याकडच्या उन्हाळी धुळीचा मोठा भाग उघड्या जमिनीतून येतो, आणि ती अडवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जमीन उघडी न ठेवणे. हवेत उठलेला कण पानावर पकडण्यापेक्षा तो उठूच न देणे कितीतरी सोपे. तरीही बहुतेक आराखड्यांत या कामाला शेवटची ओळसुद्धा मिळत नाही.

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मनोरंजनासाठी खुली सोडावी लागते. कागदावर हिरवी दाखवलेली ही जागा प्रत्यक्षात बऱ्याचदा गाजर गवत, बांधकामाचा राडारोडा आणि चारचाकींचे वाहनतळ यांनी भरलेली असते. तिच्यावरून गाड्या जाणे आधी बंद करावे, कारण चाकांखाली चुरलेली काळी माती पिठासारखी बारीक होते आणि संध्याकाळच्या वाऱ्यावर घराघरांत शिरते. गाजर गवत फुलण्यापूर्वी, म्हणजे पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यातच, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्याचे परागकण दमा आणि त्वचेचा त्रास वाढवतात, त्यामुळे ते हिरवे दिसले तरी हवेच्या दृष्टीने उपद्रवीच आहे.

मोकळ्या झालेल्या जमिनीवर हरळी पसरू द्यावी. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, पण तिची मुळे आणि वाळलेले तण माती धरून ठेवतात, आणि पहिल्या पावसाबरोबर ती आपोआप उठते. विकत आणलेल्या मऊशार लॉनचा मोह टाळावा. उन्हाळ्यात लॉनला रोज 5 मिलिमीटर पाणी धरले तरी 1,000 चौरस मीटरला 5,000 लिटर लागते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणी रेल्वेत 5 लाख लिटर पाणी होते. तेवढे पाणी असे एक लॉन 100 दिवसांत पिऊन टाकते. ज्या विभागात हे घडले तिथे नगरपालिकांनी अजूनही लॉनच्या निविदा काढाव्यात, याचे नवल वाटते.

जिथे सावलीमुळे किंवा वर्दळीमुळे हरळी तग धरत नाही, तिथे बारीक खडी, विटांचे तुकडे किंवा लाकडाच्या ढलप्या यांचा 7 ते 10 सेंटिमीटरचा थर द्यावा. चालण्याची वाट पाणी मुरेल अशा फरशीची करावी. रस्त्याच्या डांबरी कडेपासून गटारापर्यंतची मुरमाची साइडपट्टी ही धुळीची खरी खाण असते. प्रत्येक ट्रक तिच्यावर उतरतो तेव्हा ढग उठतो. तिथे कडेला दगडी काठ बांधून वाहन उतरू न देणे आणि काठामागे झुडपांची पट्टी लावणे, अशी जोडी हवी. नुसती झुडपे वर्षभरात चाकाखाली जातात.

वारा पाहून जागा ठरवावी

मराठवाड्यात हिवाळ्यात वारे साधारणपणे पूर्व व ईशान्येकडून मंद वाहतात, उन्हाळ्यात पश्चिम व वायव्येकडून जोराने, आणि पावसाळ्यात पश्चिम व नैऋत्येकडून. परंतु डोंगर, तलाव आणि उंच इमारती ही दिशा जागोजागी फिरवतात. गच्चीवर काठीला हलकी फीत बांधून जानेवारीत आणि एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ काही दिवस नोंद ठेवली, की आपल्या जागेपुरता वारा कळतो. मग धुळीची आणि धुराची ठिकाणे नकाशावर मांडावीत: वीटभट्टी, खडी क्रशर, डाळ मिल, कचरा डेपो, सिग्नलचा चौक, बसस्थानक. स्रोत आणि माणसे यांच्या मधोमध, वाऱ्याला आडवी अशी हिरवी पट्टी असावी. हे सांगण्याची गरज पडू नये, पण शोभेची झाडे नेमकी प्रवेशद्वाराशी आणि पुतळ्याभोवती लावण्याची आपल्याकडे रीत आहे.

पट्टीची घडण स्रोतावर अवलंबून असते. शेतातून, क्रशरवरून किंवा माळावरून वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीसाठी पट्टी अर्धवट विरळ असलेली बरी. भिंतीसारख्या गच्च पट्टीवरून वारा उसळी घेतो आणि पलीकडे भोवरे करत खाली उतरतो, तर निम्म्याने विरळ पट्टीतून तो गाळून, मंद होऊन जातो आणि जड धूळ मागेच खाली बसते. अशा पट्टीचा आडोसा तिच्या उंचीच्या सुमारे 10 पट अंतरापर्यंत जाणवतो. म्हणजे 8 मीटर उंच पट्टीमागे 80 मीटरपर्यंत. कमी उंचीची झुडपे वाऱ्याच्या बाजूला, मध्यम झाडे मध्ये आणि उंच झाडे आतल्या बाजूला, अशा चढत्या तीन रांगा कराव्यात.

वाहत्या रस्त्याचे प्रकरण वेगळे आहे. वाहनाचा धूर जमिनीपासून फूट-दोन फुटांवर बाहेर पडतो, आणि पादचाऱ्याचे, विशेषतः लहान मुलाचे, नाक त्याहून फार वर नसते. तिथे उंच खोडाची, वर छत्री धरलेली एकच रांग लावली तर सगळा धूर खोडांमधून सरळ आत येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2016 मध्ये रस्त्याकडेच्या हरितपट्ट्यांसाठी केलेल्या शिफारशींत 4 ते 5 मीटर उंची, सुमारे 10 मीटर जाडी आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत अखंड पाने असावीत, असे म्हटले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडसारख्या रस्त्यालगत 10 मीटर जागा कुठून मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. शाळेला किंवा रुग्णालयाला 2 ते 3 मीटर तरी देता येतात. त्या पट्टीत दोन रांगा एकाआड एक लावाव्यात, कुंपणाची भिंत असेल तर तिच्या आतल्या बाजूने लावाव्यात आणि मध्ये फट राहू देऊ नये, कारण फटीतून धूर वेगाने आत येतो. फाटक रस्त्याच्या उलट बाजूला नेता आले तर फारच उत्तम.

अरुंद रस्त्यांवर मात्र हाच उत्साह अंगाशी येतो. लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी परिसरातील गल्ल्यांत, जिथे दोन्ही बाजूंच्या इमारती रस्त्याच्या रुंदीपेक्षा उंच आहेत, तिथे वर पानांचे छत मिळाले की खालचा धूर वर निसटत नाही आणि श्वासाच्या पातळीवर प्रदूषण वाढू शकते. अशा ठिकाणी मोठ्या झाडांची रांग लावू नये. सुटी, कमी घेराची झाडे, भिंतीवरील वेल आणि कुंड्यांतील झुडपे एवढ्यावर भागवावे. सावलीही हवीच असते, म्हणून एक-दोन मोठी झाडे चौकात, जिथे आकाश मोकळे आहे, तिथे ठेवावीत.

उद्योगांना पर्यावरण मंजुरी देताना अनेक वर्षे एकूण जागेच्या 33 टक्के हरितपट्टा ठेवण्याची अट सर्रास घातली गेली. जालन्यातील पोलाद कारखान्यांचा किंवा वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील वसाहतींचा शेजार असलेल्या रहिवाशांनी हा पट्टा कारखान्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे अवश्य विचारावे. वस्तीच्या विरुद्ध बाजूला असलेला पट्टा अट पूर्ण करतो, धूळ अडवत नाही.

पानांचे वेळापत्रक आणि झाडांची निवड

रोपवाटिकेत झाड निवडताना फुले पाहिली जातात. हवेसाठी निवडताना ते डिसेंबर ते मे या काळात पाने धरते का, एवढे एकच आधी पाहावे. गुलमोहर, पळस आणि साग हे ऐन धुळीच्या दिवसांत उघडे पडतात, बहावा पिवळ्या फुलांनी लगडतो तेव्हा त्याच्यावर पाने जेमतेम असतात, सीताफळही तसेच. ही झाडे सौंदर्यासाठी, पाखरांसाठी जरूर लावावीत, पण मुख्य पट्टीत घेऊ नयेत. चिंच, बकुळ आणि जांभूळ बहुतेक वर्षभर हिरवी राहतात. जांभळाला ओल लागते, म्हणून ते ओढ्याकाठी किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी मिळेल तिथे लावावे. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पाने टाकतो आणि लगेच नवी धरतो, करंज त्यानंतर थोडक्यात पालवी बदलतो. हे दोन्ही एकत्र लावले तर एकाची पानगळ दुसरा झाकतो. वड, पिंपळ आणि उंबर धूळ चांगली धरतात, पण त्यांना मैदान हवे. घराच्या पायाजवळ किंवा जलवाहिनीवर लावले तर दहा वर्षांनी तेच तोडण्याचा अर्ज करावा लागतो.

झुडपांत निर्गुडी आणि अडुळसा यांना तोड नाही. दोन्ही बुडापासून पानांनी भरतात, कमी पाण्यावर राहतात आणि शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत. आपल्याकडे ही शेवटची पात्रता पहिल्या दोन पात्रतांइतकीच महत्त्वाची आहे. दुभाजकासाठी बोगनवेल आणि कण्हेर चालतात, मात्र कण्हेर विषारी असल्याने शाळेच्या आवारात नको.

काही झाडे मुद्दाम टाळावीत. निलगिरीच्या पानांतून आयसोप्रीन नावाचा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी कडक उन्हात त्याची प्रक्रिया होऊन ओझोन तयार होण्यास मदत होते. झटपट वाढते म्हणून गाजलेल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने 2023 मध्ये बंदी घातली, त्यामागे परागकणांमुळे होणारा श्वसनाचा त्रास हे एक कारण होते. वेड्या बाभळीचेही परागकण त्रासदायक आहेत. सप्तपर्णीच्या उग्र वासाच्या फुलांचा बहर नेमका थंडीच्या तोंडाशी येतो, त्यामुळे रुग्णालयाजवळ आणि दाट वस्तीत तिच्या रांगा लावू नयेत.

खड्डा, पाणी आणि पालापाचोळा

खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावेत. बीड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या आसपास मुरूम आणि कातळ लागतो, तिथे 1 मीटर लांब, रुंद व खोल खड्डा करून त्यात बाहेरची माती आणि शेणखत भरावे. परभणी-नांदेडकडील खोल काळ्या जमिनीत 60 सेंटिमीटरचा खड्डा पुरतो. तिथे अडचण पाणी साचण्याची आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटण्याची असते, म्हणून मातीत मुरूम मिसळावा आणि आळ्यात पाचटाचा किंवा पालापाचोळ्याचा जाड थर ठेवावा. रोप निदान दीड-दोन वर्षांचे, 5 ते 6 फुटांचे घ्यावे. लागवड मृगाच्या पहिल्या सरीवर न करता जमीन खोलवर भिजल्यावर करावी, कारण त्यानंतर पावसाचा खंड पडतोच.

पाण्याचा हिशेब लागवडीपूर्वी मांडावा. प्रत्येक रोपाला कोरड्या काळात आठवड्याला सुमारे 15 लिटर धरले तर 200 रोपांना 3,000 लिटर लागतात, आणि हे किमान तीन उन्हाळे चालते. एवढे पाणी कुठून येईल याचे उत्तर नसेल तर 60 रोपे लावावीत. दर चौरस मीटरला तीन-चार रोपे लावणारी मियावाकी पद्धत धुळीची दाट भिंत लवकर उभी करते, हे खरे. पण तिचे पाणीही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून प्रक्रिया केलेले सांडपाणी हमखास मिळत असेल तरच तिचा विचार करावा. ठिबकच्या नळ्या चोरीला जातात तिथे बुडाशी छिद्र पाडून वात घातलेले मातीचे मडके रोपाशेजारी पुरणे अजूनही भरवशाचे आहे.

पावसाळ्यानंतर पाने धुणारा कोणी उरत नाही. फेब्रुवारीपर्यंत रस्त्याकडेच्या पानांवर धुळीचा थर चढतो आणि मग ती नवी धूळ धरेनाशी होतात. प्रक्रिया केलेले पाणी उपलब्ध असल्यास महिन्यातून एकदा फवारणी करावी, तीही अशी की धुतलेली धूळ आळ्यात उतरेल, डांबरावर नाही. पानगळीचेही तेच. धूळ धरलेले पान मातीत पडले तर तिथेच कुजते. रस्त्यावर पडले तर चाकाखाली त्याचा भुगा होऊन सारे पुन्हा हवेत जाते. म्हणून झाडाखाली मातीची पट्टी असावी, झाडताना आधी पाणी शिंपडावे आणि पाला कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा. तो पेटवून देणे म्हणजे वर्षभर झाडाने धरलेले एका सकाळी सोडून देणे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास 25,000 रुपये दंड ठरवला आहे, हे सफाईच्या ठेकेदाराला लेखी कळवावे.

परिणाम पाहायचा असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवरील शहराचा आकडा उपयोगी पडत नाही; तो एका किंवा मोजक्या केंद्रांवरचा असतो आणि आपल्या पट्टीमुळे हलत नाही. त्यापेक्षा पट्टीच्या रस्त्याकडच्या आणि आतल्या बाजूला, सारख्या उंचीवर, पातळ ग्रीस लावलेल्या दोन सारख्या काचा आठवडाभर ठेवाव्यात आणि आधी-नंतरचे वजन शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर करावे. स्वस्त सेन्सर मिळाल्यास दोन घ्यावेत, प्रथम एकाच जागी शेजारी ठेवून त्यांचे आकडे जुळतात का हे पाहावे आणि मग दोन बाजूंना लावावेत. दमट हवेत आणि धुक्यात ते जास्त आकडा दाखवतात, म्हणून तुलना एकाच वेळच्या नोंदींची करावी. आतल्या बाजूचे वाचन कमी येत नसेल तर प्रथम झुडपांच्या बुडाशी पडलेल्या फटी, मग मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा आणि शेवटी आवारातीलच उघडी जमीन तपासावी. बहुतेक वेळा दोष या तिघांपैकी एकात सापडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तो भरून काढता येतो.